शर्टावरचा फेस

नदीकडचा मळा, असोद्याच्या पुढे
१४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

पाया पडतो. उभी असशील तर बस, मग पुढचं वाच. माझा फोन पोलिसांनी नेला आहे आणि बायकोच्या, भूमिकाच्या फोनवर असलं बोलवत नाही, आमची पोरं कान देऊन असतात. म्हणून हा कागद. सोबत पुडक्यात कापडाचा तुकडा आहे. एसटीच्या पार्सलने पाठवतोय, धुळ्याच्या स्टँडवरून सोडवून घे.

लोटनभाऊवर कुणीतरी कोयता चालवला. नदीकडची केळी घडाला आली होती. पहाटे कुणी शिरलं आणि एकेक खोड कमरेतून छाटून आडवं केलं. भाऊ मळ्यातच झोपायचा, तो मध्ये पडला असणार. सकाळी सापडला तो डांबरी रस्त्याच्या कडेला, डोकं फुटलेलं, त्यावर गमछा बांधलेला. जळगावला दवाखान्यात आहे. डोळे उघडत नाही. आई, तुझी काकू, त्याच्या उशाशी बसून असते आणि कुणी जेवायला चल म्हटलं तर अंगावर येते.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे घड कापायला येणारा बादल, सातपुड्याच्या पायथ्याचा, तू त्याला ओळखतेस. आखाजीच्या सणाला तुझी बॅग त्यानेच उचलून आणली होती. सकाळी तो खोपीत अंग चोरून बसलेला सापडला. शर्ट ओला आणि तपकिरी. पाराजवळ माणसं जमली. केळीचा चीक आपण जन्मभर बघतो, पण निम्मे म्हणाले चीक, निम्मे म्हणाले रगत. तो स्वतः सांगत होता, "चीक हाय भाऊ, चीक." मग मला तुझा प्रयोग आठवला. आखाजीला तू पोरांना कलेजीवर मेडिकलमधलं पेरॉक्साइड ओतून दाखवलं होतंस. रक्तातल्या लोहामुळे फेस येतो म्हणालीस. आपला ट्रॅक्टर चालवायचा त्या दीपकला मी पिटाळलं. त्याने बाटली आणली, मी सगळ्यांसमोर शर्टावर ओतली. फसफसून फेस आला, अक्का.

थोडी मारझोड झाली, ती होणारच होती. मग पोलीस त्याला घेऊन गेले. शर्ट त्यांच्याकडे आहे, पण एक बाही मी आधीच कापून ठेवली होती. तीच पाठवली आहे. तू तुझ्या कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून दे की हे रक्त आहे. आपल्या घरात एवढी शिकलेली तू एकटीच, तुझ्या शिक्षणाचा घराला काही तरी उपयोग होऊ दे.

तुझा,
जितेंद्र


धुळे
१९ नोव्हेंबर २०२४

जितू,

आशीर्वाद मागाहून देईन. आधी त्या बाटलीत काही उरलं असेल तर तुझ्या स्वतःच्या मळ्यातल्या शर्टावर ओत आणि काय होतं ते बघ.

रक्तावर फेस येतो हे खरं आहे. बटाट्यावरही येतो, मुळ्यावरही येतो आणि केळीच्या ओल्या चिकावरही येतो. फेस आणणारं एन्झाइम जवळजवळ प्रत्येक जिवंत गोष्टीत असतं, लोहाचा अणू पोटात धरून बसलेलं. आखाजीला कलेजीनंतर मी पोरांना बटाटाही दाखवला होता. तोवर तू आमरस चापून आतल्या खोलीत आडवा झाला होतास. अर्धा प्रयोग बघितलास आणि त्यावर न्याय करायला निघालास.

वीस वर्षं मी दुसरं काय केलं रे? रतिलाल सरांच्या हाताखाली डॉक्टरेट केली ती याच चिकावर. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आमची हेमा केळं काळं का पडतं ते शिकते आहे, आणि सगळे पोट धरून हसायचे. खोडाला विळा लागला की चिकातलं तांबं धरलेलं एन्झाइम हवेतला ऑक्सिजन पकडतं आणि रसातल्या बिनरंगी द्रव्यात बसवतं. त्याचाच तो तपकिरी डाग. ऑक्सिजन मोकाट सुटला तर घरंच्या घरं जाळतो. जिवंत पेशी त्याला धातूच्या एका अणूने बखोटीला धरते आणि हवा तिथेच नेऊन बसवते. ती पकड कशी टिकते, एवढंच मी आजवर शोधत आले. आधी तांब्याची, मग लोखंडाची. लोकांना यात गंमत वाटत नाही, मला वाटते.

तुकडा आला त्याच दिवशी तपासला. तांब्याचं एन्झाइम ठणठणीत आहे, रंग झटक्यात आला. हा चीक आहे, जितू, रक्त नाही. लेटरहेडवर हवं असेल तर हेच लिहून देईन.

लोटनभाऊसाठी जीव तुटतो. रविवारी दवाखान्यात येते. पण तू एक सांग, थोडी मारझोड म्हणजे किती? आणि बादल कुठे आहे?

हेमलता


कारागृहातून
१२ जानेवारी २०२५

अक्का,

पत्त्यावरून तुला कळलंच असेल. बादल तिसऱ्या दिवशी मेला. मी तुला लिहायला बसलो तेव्हाही त्याची धुगधुगीच उरली होती, पण ते मी लिहिलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा पोलिसांची गाडी दारात उभी होती. मी, दीपक आणि आणखी दोघे आत आहोत. दीपक आणि मी एकाच बराकीत. तो रात्रंदिवस कुडकुडतो आणि मला शिव्या घालतो.

तू रविवारी दवाखान्यात आलीस, भाऊच्या पायाला हात लावलास आणि घरी न येता परत गेलीस, हे भूमिकाने सांगितलं. घर काही विटाळलेलं नव्हतं.

भूपेंद्र वकील म्हणतात, एक वाट आहे. आम्ही डूख धरून मारलं नाही. आमची खात्री पटली होती, आणि खात्री पटवणारी गोष्ट एका डॉक्टरेट झालेल्या बाईने आमच्या ओट्यावर शिकवली होती. तू कोर्टात एवढंच सांगायचं की रक्तावर फेस येतो असं मीच यांना दाखवलं. बटाट्याचं सांगू नकोस. बटाटा कुणी पाहिला नाही. हे एक वाक्य तू बोललीस तर कदाचित मी पोरं मोठी होण्याआधी बाहेर येईन. नाही बोललीस तर आईच्या तोंडचं सांगतो, तिने तुला माहेर नाही असं समजायचं ठरवलं आहे. तुझे आई-वडील गेल्यावर तुझी पाठवणी आमच्याच दारातून झाली हे विसरू नकोस.

आणि चीक चीक करून माझ्यापुढे अक्कल पाजळू नकोस. भाऊचं डोकं चिकाने फुटलं नाही.

जितेंद्र


धुळे
२ फेब्रुवारी २०२५

जितू,

मी बादलच्या पाड्यावर जाऊन आले. जीप फाट्यापर्यंतच जाते, पुढे चढ चालत गेले. त्याची बायको जमना आणि बाप वेस्ता, दोघे अंगणात मोहाची फुलं वाळवायच्या जागेवर बसले होते. मी कोण ते सांगितलं. फेसाची गोष्ट माझ्याकडून तुमच्याकडे गेली तेही सांगितलं. वेस्ता नुसता ऐकत राहिला. जमनाने जवळचा धोंडा उचलून मला मारला. भुवई फुटली. मी पदराने दाबून तिथेच बसले, कारण उठून जायला मला तोंड नव्हतं. दुसरा धोंडा तिने उचलला आणि खाली टाकला.

मग तिने आतून त्याचे उरलेले शर्ट आणून माझ्या अंगावर फेकले. सगळे तपकिरी. असले शर्ट तुझ्याकडेही आहेत, लोटनभाऊकडेही आहेत, मळ्यात राबणाऱ्या प्रत्येकाकडे आहेत. तिने मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, याचा दंड किती? प्रेत घरी आलं तेव्हा तिने त्याला अंघोळ घातली. उजव्या हाताची बोटं सगळी उलट वळलेली होती असं तिने स्वतःच्या हाताने दाखवलं. जबडा बांधला तरी मिटत नव्हता. याला तू थोडी मारझोड म्हणतोस.

बाही मी तपास अधिकाऱ्याकडे दिली. पोलिसांनी पंचनामा करण्याआधी तू शर्ट कापलास, हेही मी सांगितलं. थोडा धागा माझ्याकडे राहिला होता, त्याचीही नोंद करून घेतली. मी कोर्टात येईन. फेस मी दाखवला हे सांगेन, बटाटाही मीच दाखवला हेही सांगेन. अर्धं सांगायची सवय तुझी आहे.

माहेराचं म्हणशील तर काकूंनी तोंडावर सांगितलं असतं तर रडले असते. तुझ्या पत्रातून आलं म्हणून राग आला.

मला एक हवं आहे. तू त्याच्या सगळ्यात जवळ होतास. तो शेवटी काय बोलत होता?

हेमलता


कारागृहातून
२३ फेब्रुवारी २०२५

अक्का,

विचारलंस तर ऐक. ही पत्रं बाहेर जाण्याआधी वाचली जातात. वाचू दे.

फेस आला तसा दीपक ओरडला, "रगतच हाये, पाहा ना." मी पहिला हात टाकला, दुसऱ्या कुणी नाही. केळीला टेकू देतो त्या बांबूने पायांवर मारलं. तो पडला. मग कोण कुठे मारत होतं कळलं नाही. त्याने डोकं वाचवायला हात वर धरला, तर त्या हातावर सगळे. मी बोटांवर पाय दिला आणि फिरवला. बोटांचा आवाज आला. मला त्या वेळी बरं वाटलं, हे तुला लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. भाऊचं फुटलेलं डोकं डोळ्यांपुढे होतं आणि पायाखाली काहीतरी मोडत होतं, तर बरं वाटलं.

तो काय बोलला ते सांगतो. फेस येईपर्यंत चीक चीक म्हणत होता. फेस आल्यावर, दोन-चार बसल्यावर त्याने बोलणं बदललं. "रगत हाय भाऊ, लोटनभाऊचं हाय, मी उचलला त्याले, मी उचलला." हेच पुन्हा पुन्हा. आता तूच सांग. आधी चीक म्हणणारा माणूस नंतर रक्त म्हणतो, तर तो खरा कसा? सगळे म्हणाले, कबूल झाला. तिथून तो वाचायची बातच नव्हती.

मी ऐकलं होतं. उचलला म्हणाला ते मी नीट ऐकलं होतं. पण कोयता घालणारा नंतर माणसाला उचलतो कशाला, हा विचार तेव्हा मनात आला नाही. आताही आणायचा नाही. रात्री तो विचार आला की मी उठून भिंतीवर डोकं आपटतो आणि दीपक पहारेकऱ्याला हाका मारतो.

भाऊ शुद्धीवर येतो आहे असं भूमिका म्हणाली. बोलला का काही? त्याने कुणाला पाहिलं असेल तर त्याचं नाव मला कळव. बाकी तू कोर्टात काय वाटेल ते सांग.

जितेंद्र


धुळे
१६ मार्च २०२५

जितू,

लोटनभाऊ बोलला. जीभ जड आहे, उजवा हात उचलवत नाही, पण बुद्धी शाबूत आहे. काकू, मी आणि एक फौजदार होतो. मध्ये थांबत, पाणी पीत त्याने सांगितलं, तसंच लिहिते.

केळी तोडणारा एकटा होता, तोंडाला फडकं. भाऊने आवाजावरून ओळखला. घाव बसल्यावर भाऊ पाण्याच्या चाऱ्यांमध्ये पडला. बादल खोपीतून धावत आला, आपला गमछा त्याच्या डोक्याला करकचून बांधला आणि तोडलेल्या खोडांतून, चिकाच्या चिखलातून त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आला. गाड्यांना हात केले. रक्ताने आणि चिकाने माखलेला माणूस पाहून एकही थांबली नाही. भाऊने त्याला सांगितलं, घरी जा, जितूला उठव. तो म्हणाला, जितूभाऊ मला मारेल. गेल्या हंगामात घड खांद्यावरून निसटला म्हणून तू त्याला मोटारीच्या वायरने झोडलं होतंस. म्हणून तो घरी आला नाही, खोपीत जाऊन बसला. म्हणून विचारल्यावर आधी चीक म्हणाला. खरं सांगायची त्याला तुझी भीती होती. भाऊच्या डोक्याला बांधलेला गमछा कुणाचा, हे दिवसभरात तुमच्यातल्या एकाने विचारलं नाही.

आता माझं. भाऊचं बोलणं ऐकून मी धुळ्याला आले आणि उरलेला धागा उकळला. उकळल्यावर झाडाचं एन्झाइम मरतं, रक्तातलं लोह मात्र तसंच काम करत राहतं. उकळूनही रंग आला. सरकारी प्रयोगशाळेनेही बाहीवर माणसाचं रक्त सांगितलं, लोटनभाऊचं. नोव्हेंबरमध्ये मी तुला ठासून लिहिलं होतं की रक्त नाही. मी तांबं शोधलं, कारण मला तेच शोधायची सवय. सापडलं आणि थांबले. दोन्ही होतं, जितू. तुझा फेस खोटा नव्हता आणि माझा रंगही खोटा नव्हता, आणि दोन्हींतून बादलबद्दल काडीचंही कळत नव्हतं. ते कळायला त्याचं बोलणं ऐकायला हवं होतं. मी हे सगळं लिहून दिलं आहे, माझ्या चुकीसकट. भूपेंद्र वकिलांना रक्ताचा अहवाल हवा होता, तो मिळाला. आणि त्याच्याबरोबर लोटनभाऊचा जबाबही जाणार आहे. तो स्वतःच्या भावाविरुद्ध साक्ष द्यायला तयार आहे. काकूंनी त्याला अडवलं नाही. त्या दिवशी त्या पहिल्यांदा जेवल्या आणि मला वाढायला लावलं.

नाव मला माहीत आहे, पोलिसांनाही माहीत आहे. माणूस अजून सापडायचा आहे. तुला ते नाव लिहिणार नाही. तुझ्या हातात नाव पडलं की काय होतं ते मी पाड्यावर पाहून आले.

दीपकची आई झुंबरबाई दवाखान्याच्या दारात भेटल्या. पोरगा जेवतो का, झोपतो का विचारत होत्या. दीपक मुळातच घाबरट, तू मोठा आहेस, त्याला सांभाळ.

तुझ्यासाठीही जीव तुटतो. लिहायचा नव्हता हा शब्द, पण खरा आहे.

हेमलता


कारागृहातून
३० मार्च २०२५

अक्का,

तू नाव लिहिलं नाहीस तरी मला कळलं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. उचलला त्याले, उचलला, हेच कानात वाजत होतं. मला वेड लागायची वेळ आली. ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो माणूस मला हवा होता. मग शेवटी दीपकचं नाव दिसलं. नाव लिहिणार नाही म्हणतेस आणि लगेच खाली दीपकचं कशाला लिहितेस? मी आठवू लागलो. रगत म्हणून पहिला ओरडला तो. बाटली आणायला धावला तो. भाऊने त्याला ट्रॅक्टरच्या कामावरून काढलं होतं आणि तो धुसफुसत होता.

तरी मी घाई केली नाही. आधी परीक्षा घेतली. त्याला समोर बसवलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. भाऊने आवाजावरून ओळखला, इथवर आलो आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याला दरदरून घाम फुटला. ओठ पांढरे पडले. मी विचारलं, तूच ना? तो नाही नाही म्हणाला. मी ताटलीच्या कडेने तोंडावर मारलं, मग डोकं धरून फरशीवर. चौघांनी ओढेपर्यंत सोडलं नाही. आणि अक्का, तो शेवटी कबूल झाला. हो, मीच, सोड, असं म्हणाला. सगळ्या बराकीने ऐकलं.

मला आता एकट्याला ठेवलं आहे. रक्त माझ्या नखांत आहे आणि पाणी दिलेलं नाही. जमनाला सांग, बादलचा हिशेब मी चुकता केला. तिने मला माफ करावं असं नाही, पण कळू दे.

जितेंद्र


जळगाव
८ एप्रिल २०२५

जितू,

तो दीपक नव्हता.

भाऊने ज्याचं नाव घेतलं तो परवा शिंदखेड्याजवळ पकडला गेला. गेल्या वर्षी घड चोरताना भाऊने त्याला पकडून चौकीवर नेलं होतं. केळीच्या गाडीवरचा हमाल आहे. तू त्याला कधी पाहिलेलंही नाहीस. आपल्या गावचाही नाही. त्याने कोयता काढून दिला.

दीपकला घाम फुटला कारण तू त्याच्यासमोर तसा बसला होतास. पाराजवळ तू काय करतोस ते त्याने जवळून पाहिलं होतं. आणि तो हो म्हणाला कारण तू मारत होतास. मार खाणारा माणूस थांबवण्यासाठी हवं ते म्हणतो. बादलने तर खरं सांगितलं होतं, तरी तू थांबला नव्हतास.

जमनाला मी तुझा निरोप देणार नाही. असला हिशेब तिने कधी मागितला नव्हता.

मी दीपकचं नाव का लिहिलं, हे मी स्वतःला विचारते आहे. एका आईने विचारलं म्हणून लिहिलं, दुसरं काही नव्हतं. पण तू कसं वाचशील याचा विचार मी करायला हवा होता. आखाजीला पोरांपुढे ती बाटली उघडली तेव्हाही केला नव्हता. प्रयोगशाळेत आम्ही काही ओतण्याआधी समोर काय आहे ते बघतो. घरच्या माणसांच्या बाबतीत मी बघितलं नाही.

लोटनभाऊ होता त्याच वॉर्डात दीपक आहे. डावा डोळा गेला. मेंदूला सूज आहे, डॉक्टर आज-उद्याचं काही सांगत नाहीत. दारात पोलीस बसलेला असतो, आत एका वेळी एकालाच सोडतात. मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. झुंबरबाई शेजारी आहेत. त्यांनी आत्ताच माझा दंड धरून विचारलं, "बाई, माह्या पोराचं नाव कोनं घेतलं?"

मी म्हणाले, मी.

हेमलता